सूत्र म्हणजे आपल्याच पाड्यातलं माणूस



पेपरात एक वाक्य नेहमी येतं, "विश्वसनीय सूत्रांकडून समजते." मागच्या महिन्याच्या बैठकीत एका म्हाताऱ्या बाबाने विचारलं, हे सूत्र म्हंजे काय असतं? कोणी हसलं, कोणी म्हणालं पेपरवाल्यांची भाषा आहे, सोडा. मी तेव्हा गप्प बसले. कारण उत्तर त्याच बैठकीत मागे खांबाला टेकून बसलं होतं. सूत्र म्हंजे ती मावशी. पाच शेळ्या, दीड एकराचा प्लॉट आणि प्रांत ऑफिसात अडकलेली फाईल, एवढा तिचा संसार.

तिचं नाव इथे लिहीत नाही. पाड्याचं, तालुक्याचंही नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी बाजारात, एसटीत, चहाच्या टपरीवर ते बोलू नये ही विनंती.

झालं असं. वनहक्काच्या दाव्यांची मोजणी चालू होती. मोजणीला आलेल्यांनी मशीन फिरवायचे म्हणून घरटी पैसे मागितले. किती ते लिहीत नाही, आकड्यावरूनसुद्धा पाडा ओळखता येतो. बाकीच्यांनी कसेबसे दिले. मावशीने दिले नाहीत. तिच्या प्लॉटचा वरचा तुकडा, जिथे ती नागली लावते, तो नकाशात आलाच नाही. मी तालुक्याच्या गावातल्या एका वार्ताहराला घेऊन तिच्याकडे गेले. तो आपणहून आला नव्हता, मीच नेला होता. तो ओटीवर बसला, चहा प्याला, सगळं ऐकलं, फोनवर फोटो काढले. मावशी म्हणाली, "भाऊ, माझं नाव नको घालू." तो म्हणाला, "नाही घालत मावशी, काळजी नको."

आणि त्याने शब्द पाळला. नाव घातलं नाही. बातमीत छापून आलं, "या पाड्यावरील एका विधवा महिलेने नाव न छापण्याच्या अटीवर सांगितले." पाड्याचं नाव वर ठळक अक्षरात. पाडा चौदा घरांचा. विधवा एकच. सोबत फोटो, चेहरा पुसट केलेला, पण मागे तिचीच ओटी, तिचाच कूड, त्यावर ठोकलेला निळा पत्रा. आंधळ्यानेही सांगितलं असतं कोणाचं घर ते.

आठ दिवसांत तिच्या शेळ्या राखीव जंगलात शिरल्या म्हणून धरल्या. त्या शेळ्या दहा वर्षं तिथेच चरत होत्या. महिन्याभरात तिच्या दाव्यात त्रुटी निघाली. बातमीमुळे हे झालं असं कुठल्याही कागदावर लिहिलेलं नाही, आणि कधी सापडणारही नाही. पाड्याला मात्र सगळं कळतं. त्याच्या पुढच्या ग्रामसभेत लोकांनी ठरवलं, आता कुठलाही पेपरवाला आला तर बोलायचं नाही, पाणीसुद्धा विचारायचं नाही.

लोकांचा राग खरा आहे. पण हा ठराव चुकीचा आहे असं माझं मत आहे, आणि ते सांगायलाच हा लेख.

आधी त्या वार्ताहराची गोष्ट. मी त्याच्याशी भांडायला गेले होते. त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे, रिचार्जही मारतो. पेपर त्याला पगार देत नाही. बातमीचे पैसे नाहीत, पेट्रोलचेही नाहीत. मिळतं ते जाहिरातीवरचं कमिशन. जाहिरात कोण देतं? ज्याचा वाढदिवस आहे तो पुढारी, ज्याला रस्त्याचं काम मिळालंय तो ठेकेदार. पंधरा ऑगस्टची पुरवणी, दिवाळीची पुरवणी, प्रत्येक वेळी वरून आकडा ठरवून येतो, एवढ्याच्या जाहिराती जमवा. नाही जमवल्या तर ओळखपत्र परत. म्हंजे ज्याच्याविरुद्ध लिहायचं त्याच्याच दारात हात पसरायचा. तो म्हणाला, "ताई, नाव न छापणं एवढंच मला माहीत होतं. बाकीचं मला कोणी शिकवलंच नाही. बारावी झालो, एकाने विचारलं वार्ताहर होतोस का, हो म्हणालो."

मी भांडायचं विसरले. खोटं कशाला बोलू, राग गेला नाही, पण तो कोणावर काढावा हे कळेना.

आपल्याकडे ६ जानेवारीला पत्रकार दिन असतो. १८३२ साली त्या दिवशी बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केलं, म्हणून. तालुक्याच्या हॉलमध्ये कार्यक्रम होतो, आमदार येतात, शाल, नारळ, पेन आणि डायरी. भाषणात चौथा खांब येतोच येतो. त्या खांबाला शिकवायला मात्र कोणी येत नाही. डॉक्टरला शिकावं लागतं, वायरमनला शिकावं लागतं, एसटीच्या ड्रायव्हरचीसुद्धा परीक्षा असते. ज्याच्या एका ओळीने माणसाची जमीन जाऊ शकते त्याला एक दिवसाचंही शिक्षण नाही. शहरात पत्रकारितेचे अभ्यासक्रम आहेत, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे, मुक्त विद्यापीठाचाही अभ्यासक्रम आहे. पण आपल्या बाजूच्या वार्ताहराला दुकान बंद ठेवून तिथे जायला कसं परवडणार? आणि तिथे शिकवतात त्यात चौदा घरांचा पाडा कुठे असणार?

कारण शहरातलं गुपित वेगळं, पाड्यातलं वेगळं. मुंबईत "एका कर्मचाऱ्याने सांगितले" असं लिहिलं तर हजार कर्मचाऱ्यांत तो लपतो. आपल्याकडे "एका महिलेने", "एका वृद्धाने", "अंगणवाडीतील एका ताईने" एवढं लिहिलं की संपलं. नाव काढलं तरी माणूस तिथेच उभा असतो. वय, घर, किती मुलं, कुठला ओढा, कुठलं झाड, बोलायची लकब, यातलं एक जरी राहिलं तरी गार्डला आणि पोलीस पाटलाला कळतं. आता व्हिडिओ आला. तोंडावर पदर घेतला तरी आवाज जातो. फोनने काढलेल्या मूळ फोटोत तो कुठे आणि किती वाजता काढला याची नोंद राहू शकते, हे किती वार्ताहरांना ठाऊक आहे? पोलिसांनी मागितलं तर कोणी कोणाला किती वाजता फोन केला याची यादी कंपनी देते, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे?

कागदाचंही तसंच. मागे एका दाव्याच्या फाईलमधल्या पानाचा फोटो पेपरात आला. वर कोपऱ्यात आवक नंबर होता. ती नक्कल ऑफिसने एकाच माणसाला दिली होती. माहिती अधिकारात अर्ज केला तर उत्तराच्या कागदावर अर्जदाराचं नाव-पत्ता असतो. तो कागद जसाच्या तसा छापला की झालं. अर्ज वार्ताहराने स्वतःच्या नावाने करावा, नाहीतर आपण वेगवेगळ्या गावांतून पाच-सहा जणांनी तोच अर्ज करावा. एवढी साधी गोष्ट आम्हा कार्यकर्त्यांनाही उशिरा सुचली.

यावर कोणी म्हणेल, कायदा आहे ना. आहे का ते बघू. प्रेस कौन्सिलचा १९७८ चा कायदा आहे. त्याच्या कलम १५ मध्ये आहे की बातमी कुठून मिळाली हे सांगायची सक्ती पेपरवर किंवा पत्रकारावर करता येणार नाही. पण ती गोष्ट फक्त प्रेस कौन्सिलच्या समोरची. पोलीस ठाण्यात नाही, कोर्टात नाही. १९८३ साली विधी आयोगाने आपल्या ९३ व्या अहवालात सुचवलं होतं की साक्षीपुराव्याच्या कायद्यात कलम घाला, विश्वासाने मिळालेल्या बातमीचा माणूस सांगायची सक्ती पत्रकारावर नको. चाळीस वर्षं झाली. १ जुलै २०२४ पासून जुना साक्षीपुराव्याचा कायदा जाऊन नवा भारतीय साक्ष अधिनियम आला, तरी त्यात ते कलम नाही. वकिलाला त्याच्या अशिलाने सांगितलेलं गुपित ठेवण्याचं संरक्षण कायद्याने दिलंय. पत्रकाराला नाही. सुप्रीम कोर्टाने पेगॅससच्या प्रकरणात २७ ऑक्टोबर २०२१ ला म्हटलं की बातमी देणाऱ्याचं संरक्षण ही पत्रकारितेच्या स्वातंत्र्याची मूळ अट आहे. चांगलं म्हटलं. पण त्यानंतर ३ ऑक्टोबर २०२३ ला दिल्लीत एका न्यूज पोर्टलशी संबंधित कितीतरी पत्रकारांच्या घरी पोलीस गेले आणि फोन, लॅपटॉप उचलून नेले. फोन गेला की त्यातली सगळी माणसं गेली. दिल्लीच्या पत्रकारांना वकील मिळतात, त्यांच्यासाठी सभा होतात. आपल्या झेरॉक्सवाल्याचा फोन ठाण्यात ठेवून घेतला तर कोण विचारणार?

महाराष्ट्राचाही एक कायदा आहे, २०१७ चा, पत्रकारांवरील हल्ल्यांचा. हल्ला करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण तो ज्याचा मुख्य धंदा पत्रकारिता आहे आणि जो त्यासाठी नोकरीत किंवा कंत्राटावर आहे अशा माणसासाठी लिहिलेला आहे. झेरॉक्सच्या दुकानावर पोट असलेला, कमिशनवरचा वार्ताहर त्यात बसतो की नाही यावर वकील भांडू शकतात. आणि मावशी तर त्यात कुठेच नाही. तो कायदा बातमी लिहिणाऱ्याचा आहे, बातमी सांगणाऱ्याचा नाही.

मावशीसाठी जे थोडंफार आहे ते ॲट्रॉसिटीच्या कायद्यात. आदिवासीच्या वनहक्कात बेकायदा अडथळा आणणं हा त्यात गुन्हा आहे, करणारा स्वतः आदिवासी किंवा दलित नसेल तर. २०१५ च्या दुरुस्तीने त्यात कलम १५-अ आलं. तक्रारदाराला आणि साक्षीदाराला धमकीपासून संरक्षण देणं ही सरकारची जबाबदारी आहे असं ते म्हणतं. हे कलम आपल्या प्रत्येक वनहक्क समितीच्या वहीत लिहून ठेवायला पाहिजे. पण त्यासाठी आधी गुन्हा नोंदवावा लागतो, आणि तो नोंदवून घेताना ठाण्यात काय चालतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

उत्तर प्रदेशातली एक गोष्ट सांगते, २०१९ ची, मिर्झापूर जिल्ह्यातली. शाळेत पोरांना मध्यान्ह भोजनात चपाती आणि मीठ देत होते. पवन जयस्वाल नावाच्या स्थानिक पत्रकाराने त्याचा व्हिडिओ केला आणि सगळ्या देशाने तो बघितला. सरकारने काय केलं? पत्रकारावरच कटाचा आणि फसवणुकीचा गुन्हा. पण त्याच्याबरोबर आणखी एका माणसावर गुन्हा झाला, ज्याने पत्रकाराला बोलावलं होतं, गावच्या प्रधानाचा प्रतिनिधी. त्याला अटकही झाली. पत्रकारासाठी एडिटर लोकांनी पत्रकं काढली, प्रेस कौन्सिलने विचारणा केली, पुढे पोलिसांनी त्याचं नाव गुन्ह्यातून काढलं. त्या बोलावणाऱ्या माणसाबद्दल मात्र किती पत्रकं निघाली? देशाला पत्रकाराचं नाव आठवतं. मलाही त्याचंच आठवलं, दुसऱ्याचं जुन्या बातम्यांत शोधून बघावं लागलं.

पण वार्ताहरही काही सुखात नाही, हेही खरं. राजापूरचे शशिकांत वारिशे. 'महानगरी टाइम्स'मध्ये रिफायनरीच्या बाजूच्या एका माणसाबद्दल त्यांची बातमी आली आणि त्याच दिवशी, ६ फेब्रुवारी २०२३ ला, त्यांच्या स्कूटरवर गाडी घातली गेली. दुसऱ्या दिवशी ते गेले. ज्याच्याबद्दल बातमी होती त्याच्यावरच खुनाचा गुन्हा दाखल झाला. बस्तरच्या बिजापूरचे मुकेश चंद्राकार, रस्त्याच्या कामातला भ्रष्टाचार बाहेर काढणारे. १ जानेवारी २०२५ पासून बेपत्ता, तिसऱ्या दिवशी ठेकेदाराच्या आवारातल्या सेप्टिक टँकमध्ये मृतदेह. त्याच बस्तरमध्ये २०१५ साली सोमारू नाग आणि संतोष यादव या स्थानिक पत्रकारांना माओवाद्यांचे साथीदार म्हणून पकडलं, पुढे दोघेही निर्दोष सुटले, पण तुरुंगात गेलेली वर्षं गेलीच. आणि त्याच्या दोन वर्षं आधी, २०१३ मध्ये, नेमिचंद जैन आणि साई रेड्डी या दोघांना माओवाद्यांनीच मारलं होतं. म्हंजे एका बाजूला खबऱ्या आणि दुसऱ्या बाजूला समर्थक. आपले गडचिरोलीकडचे साथी हे वाचून मान हलवतील, त्यांना हे दोन्ही शब्द पाठ आहेत.

हे सगळे मोठ्या शहरातले नव्हते. तालुक्यातले होते, मोटरसायकलवर फिरणारे, आपल्यासारख्याच घरात राहणारे. म्हणून मी म्हणते, दार लावून घेणं हे उत्तर नाही. १९९२ ला जव्हारच्या वावर-वांगणीत पोरं मेली ती भुकेनं. पोरं आधीपण मरत होती. मुंबईला ते कळलं पेपरमुळे, आणि मंत्र्यांच्या गाड्या पहिल्यांदा त्या वाटेने आल्या. पेपरात आलं नसतं तर आपल्याला मोर्चे काढून काढून किती वर्षं लागली असती?

आणि वार्ताहर अडाणी राहिला तर नुकसान आपलंच होतं. १३ फेब्रुवारी २०१९ आठवा. दावे नामंजूर झालेल्यांना जंगलातून काढा असा सुप्रीम कोर्टाचा आदेश आला. पेपरात मोठ्या अक्षरात आलं, लाखो आदिवासी बेघर होणार. आपल्या ऑफिसात बाया रडत आल्या, ज्यांना सात-बारा मिळालाय त्यासुद्धा. पंधरा दिवसांनी, २८ फेब्रुवारीला, कोर्टाने स्वतःच त्या आदेशाला स्थगिती दिली आणि राज्यांना विचारलं की दावे कशाच्या आधारावर नामंजूर केले ते सांगा. ती बातमी आतल्या पानावर चार ओळींत. २००६ च्या वनहक्क कायद्याचं कलम ४(५) आहे, दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कोणाला जमिनीवरून काढता येत नाही. हे एक कलम वार्ताहराला पाठ असतं तरी त्याने वेगळी बातमी लिहिली असती. पण त्याच्याकडे येते ती फॉरेस्टची प्रेसनोट, "अतिक्रमण हटविले." तो ती तशीच पुढे पाठवतो. दावेदाराला अतिक्रमणदार म्हणायचं नाही, हे त्याला सांगितलं कोणी? आपण सांगितलं का? आपण फक्त शिव्या दिल्या.

माझा प्रस्ताव असा आहे की आपणच त्यांना शिकवायचं. हसू नका. येत्या ६ जानेवारीला तालुक्यात शाल-नारळ होऊ द्या, दुसऱ्या दिवशी आपण आपल्या भागातल्या सगळ्या वार्ताहरांना एका पाड्यावर बोलवू. सभागृहात नको, पाड्यावरच, झाडाखाली. खर्च भाकरी-भाजीचा. सकाळी वनहक्क समितीचे लोक दावा दाखवतील, पहिल्या कागदापासून शेवटपर्यंत. कुठल्या पुराव्याला काय वजन आहे, दंडाच्या जुन्या पावत्या आपण का जपून ठेवतो, म्हाताऱ्या माणसाचा जबाब पुरावा का धरला जातो, नामंजूर झाल्यावर साठ दिवसांत अपील कसं करायचं, ग्रामसभेशिवाय निर्णय का होत नाही. दुपारी एखाद्या वकिलाने कायदा सांगावा, वर लिहिला तसा, त्यातल्या भोकांसकट. आणि संध्याकाळी बायांनी बोलावं. बातमी आल्यावर काय होतं ते. आपण काय भोगतो ते वार्ताहराला दिसतच नाही, कारण बातमी छापली की तो परत येत नाही. त्याला पुढची बातमी शोधायची असते.

हे अगदीच नवीन नाही. उत्तर प्रदेशात चित्रकूटकडे २००२ पासून 'खबर लहरिया' चालतं. दलित, आदिवासी, मुसलमान बाया स्वतः शिकल्या, स्वतः लिहितात, त्यांच्या बोलीत. आपल्याकडे तर १९१० पासून मुकुंदराव पाटलांनी 'दीनमित्र' एका खेड्यातून चालवला, नेवासा तालुक्यातल्या तरवडीतून. पुण्या-मुंबईकडे बघत बसले नाहीत. आपल्यातल्या बारावी झालेल्या पोरी आहेत. त्यातल्या दोघी-तिघी वार्ताहर झाल्या तर मावशीला कोणाचे पाय धरावे लागणार नाहीत. पण त्यांनाही हे सगळं शिकावं लागेल, नाहीतर आपली पोरगी म्हणून ती जास्तच बिनधास्त नाव लिहील.

बैठकीत एका जुन्या साथीने माझ्याशी वाद घातला, तो इथे लिहायलाच पाहिजे. तो म्हणाला, "आपण चोर आहोत का? नाव लपवून बोलायचं ते चोराने. आपली चळवळ छाती काढून उभी राहिली म्हणून इथवर आली. तुम्ही लोकांना घाबरायला शिकवताय." त्याच्या बोलण्यात दम आहे. त्याने स्वतः लाठ्या खाल्ल्यात, तुरुंग बघितलाय, आणि प्रत्येक वेळी स्वतःचं नाव सांगूनच. पण साथी, मोर्च्यात नाव सांगताना तुझ्या मागे दोन हजार लोक होते. मावशी ओटीवर एकटी होती. तिने नाव सांगायला नकार दिला तो भित्रेपणा नाही, तिच्या शेळ्यांचा हिशोब तिने केला होता. आणि हिशोब बरोबर निघाला.

म्हणून जिथे नाव सांगायचं तिथे ते गावाने सांगावं. ग्रामसभेचा ठराव करा, साठ सह्या करा, अंगठे उठवा, मग छापा खुशाल. साठ जणांच्या शेळ्या कोणी कोंडवाड्यात घालत नाही. दाव्यात जबाब देताना तर नाव लागतंच, ते लपवून चालत नाही, तिथे लपवूही नये. पण ज्या गोष्टी एकाच माणसाला ठाऊक असतात, पैसे कोणी मागितले, रात्री कुठली गाडी लाकूड घेऊन गेली, तिथे बोलणाऱ्याला झाकणं हे वार्ताहराचं काम, आणि त्याच्यावर लक्ष ठेवणं हे आपलं. त्याला विचारायचं, भाऊ, बातमीत माझ्याबद्दल काय काय लिहिणार ते आधी वाचून दाखव. पाड्याचं नाव टाकणार का? की चार-पाच पाड्यांचं मिळून लिहिशील? फोटो कसला? तुझ्या पेपरात माझं नाव आणखी कोणाला ठाऊक होणार? फोनमध्ये माझा नंबर कुठल्या नावाने ठेवलास? उद्या पोलिसांनी विचारलं तर काय सांगशील? या शेवटच्या प्रश्नाला जो छातीवर हात ठेवून "मी मरेन पण सांगणार नाही" म्हणतो त्याच्यावर जरा कमीच विश्वास ठेवा. जो म्हणतो "मावशी, मी तुझं नाव वहीत लिहिलेलंच नाही", तो कामाचा.

आणि प्रेसचं स्टिकर गाडीवर लावून रेशन दुकानदाराकडून हप्ता घेणारे आहेत, तेही आपल्याला माहीत आहेत. त्यांना बोलवायचं नाही. यावर जास्त लिहीत नाही.

आपणही धुतल्या तांदळासारखे नाही. हेच पत्रक घ्या. दोन वर्षांपूर्वी आपण एका तक्रारीखाली सगळ्यांची नावं छापली, कोणाला विचारलं नव्हतं. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर आपले कार्यकर्ते आलेला मेसेज जसाच्या तसा पुढे ढकलतात, पाठवणाऱ्याच्या नंबरासकट फोटो काढून. त्या ग्रुपमध्ये कोण कोण आहे ते ॲडमिनलाही सांगता येत नाही. पोरं मला म्हणतात, ताई, हे स्टेन्सिल, ही शाई, हा रोलर कशाला अजून, फोनवर टाका. टाकू. पण सायक्लोस्टाईलचा कागद हातोहात फिरतो आणि तो कोणाच्या हातातून आला हे कागदावर उमटत नाही, तेवढं त्याचं मला बरं वाटतं. फक्त स्टेन्सिलवर एकदा नाव कापलं की ते खोडायला वरून करेक्शन फ्लुइड लावावं लागतं, आणि नीट बघितलं तर खूण दिसते. म्हणून आता कापायच्या आधीच विचारायचं असं आम्ही ठरवलंय.

हा लेखही आधी मावशीला वाचून दाखवला. तिच्याकडे दुपारी गेले, ती नागली पाखडत होती. सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, लिही, पण शेळ्यांचा आकडा बदल, घरांचापण बदल. आणि पत्र्याचा रंग. म्हणून वर पाच लिहिलंय ते पाच नाहीत, चौदा आहे ते चौदा नाही, पत्रा निळा नाही. पेपरात ज्या शब्दाने ती ओळखली गेली तो शब्दही दुसराच होता. खांबाला टेकून बसली होती ते राहू दे म्हणाली, त्या दिवशी तिथे दहा खांब होते आणि प्रत्येकाला कोणी ना कोणी टेकलेलं होतं.